कादंबरीत स्वतःच्या घरातलं किती आणि कसं घालायचं?

शाईचाडाग:
दोन वर्षं झाली एक कादंबरी लिहितेय, सव्वाशेक पानं झालीयेत. गोष्ट आमच्या घरातलीच आहे, म्हणजे आजोबा गेले त्या दिवशी बाबा आणि काकांचं त्यांच्या मनगटी घड्याळावरून भांडण झालं आणि मग काका अकरा वर्षं आमच्याकडे आलेच नाहीत. जमीन नाही की पैसा नाही, बंद पडलेलं घड्याळ! शंभर टक्के खरं आहे, मी आठवीत होते, दारात उभी राहून बघितलंय. पण दोन मैत्रिणींना तो चॅप्टर वाचायला दिला तर दोघी म्हणाल्या हेच पटत नाही, फिल्मी वाटतं. आणि त्याच चॅप्टरमध्ये काकूच्या तोंडी एक वाक्य घातलंय, पूर्ण माझ्या मनचं, ते मात्र दोघींना "अगदी खरं" वाटलं. डोकं आउट झालंय.

दुसरं म्हणजे काका अजून आहेत आणि भरपूर वाचतात. नाव बदललंय, शिक्षकाचा बँकवाला केलाय, तरी दुसऱ्या पानावर ओळखतील. मोठे लेखक हे कसं निभावतात?

पानगळ:
"पण हे खरंच घडलंय" हे कादंबरीत कारण म्हणून चालत नाही गं. तुला त्या घड्याळामागची वीस वर्षं माहितीयेत, वाचकाला नुसतं घड्याळ दिसतंय, मग त्याला ते फिल्मी वाटणारच.

इंग्रज लेखक सॉमरसेट मॉमचं बघ. बोलताना अडखळायचा. आठव्या वर्षी आई गेली, दहाव्या वर्षी वडील, मग पाद्री काकाच्या घरी वाढला, पुढे डॉक्टरकी शिकला. त्याच्या 'ऑफ ह्यूमन बाँडेज' (१९१५) कादंबरीतल्या फिलिपचं बालपण बरंचसं हेच आहे, फक्त तो अडखळत नाही, त्याचा एक पाय जन्मापासून वाकडा आहे. का बदललं असेल? माझा अंदाज, सहाशे पानं अडखळणारे संवाद लिहिले तर वाचणारा वैतागतो, आणि मुलगा गप्प बसला तर ते झाकूनही जातं. पाय झाकता येत नाही, वर्गातली पोरं बघतात, बघायला मागतात. लाज तीच ठेवली, फक्त ती डोळ्यांना दिसेल अशा जागी नेली. तुझ्या घड्याळात नेमकं काय अडकलंय ते आधी शोध, कदाचित वस्तू दुसरीच लागेल. किंवा घड्याळच राहील पण त्याच्या आधी चार प्रसंग लागतील.

उगाचच:
मॉम आला म्हणजे डिकन्स हवाच. वडील कर्जापायी तुरुंगात आणि हा बारा वर्षांचा पोरगा बूटपॉलिशच्या कारखान्यात बरण्यांना लेबलं चिकटवतोय. 'डेव्हिड कॉपरफिल्ड' (१८४९-५०) मध्ये बूटपॉलिशच्या जागी दारूच्या बाटल्या आल्या. मला खरी गंमत वाटते ती वडिलांची, कर्ज आणि तुरुंग त्याने नायकाच्या बापाला दिलाच नाही, घरमालक मिकॉबरला दिला, आणि मिकॉबर इतका लाडका झाला की लोक त्याच्यावर हसतात आणि जीवही लावतात. बापावरचा राग बापापासून लांब नेऊन ठेवला की असं होतं बहुतेक. कारखान्याचं प्रकरण वाचकांना कळलं ते १८७० मध्ये तो गेल्यावर, मित्राने लिहिलेल्या चरित्रातून.

पण तोही पकडला गेलाय हां! त्याच कादंबरीत एक बुटकी बाई आहे, शेजारच्या एका बाईंनी स्वतःला ओळखलं आणि तक्रारीचं पत्र धाडलं. कादंबरी हप्त्याहप्त्याने छापून येत होती, मग पुढच्या भागात त्या पात्राला चांगलं करून टाकलं. म्हणजे काकांचा व्यवसाय बदलून काही होत नाही, माणूस स्वतःला ओळखतो ते दिसण्यावरून, लकबीवरून. खाकरायची पद्धत बदल आधी.

कलम_कसाई:
नाव बदललं की सुटलो असं समजू नकोस. जर्मनीत माक्सिम बिलरची 'एझ्रा' ही कादंबरी २००३ मध्ये आली, नावं बदललेली होती, तरी लेखकाची आधीची मैत्रीण आणि तिची आई कोर्टात गेल्या. २००७ मध्ये घटना न्यायालयाने मैत्रिणीच्या बाजूने कौल दिला आणि पुस्तकावरची बंदी कायम राहिली. आईचं म्हणणं मात्र मान्य झालं नाही. सूत्र साधारण असं की कादंबरी ही आधी कल्पितच धरायची, पण पात्र खऱ्या माणसाशी जितकं जास्त जुळतं आणि गोष्ट जितकी खाजगी, तितकी लेखकाची बाजू लंगडी. तुझे काका कोर्टात जाणार नाहीत हे मलाही कळतंय, पण हे माप घरात पण लावून बघण्यासारखं आहे. भांडण चारचौघांत झालं होतं, काकाकाकूंमधलं काही घालणार असशील तर दहादा विचार कर.

वाकडीतिकडी:
मला ही सगळी लपवाछपवीच वाटते. 'कोसला' (१९६३) घ्या, नेमाडे सांगवीचे आणि नायकाचं आडनाव सांगवीकर, लपवायचंच असतं तर दुसरं आडनाव सुचलं नसतं का. नॉर्वेच्या क्नाउसगार्डने तर आपल्या आयुष्यावरच्या कादंबरीच्या सहा खंडांत घरच्या बहुतेकांची खरी नावं टाकली, वडिलांकडचे नातेवाईक केस करायला निघाले होते. सगळ्यांनी तसं करा असं म्हणत नाहीये, त्याच्याइतकं निगरगट्ट सगळ्यांना होता येत नाही. पण त्याने स्वतःला सोडलं नाही. टॉलस्टॉयने लग्नाआधी होणाऱ्या बायकोला आपल्या डायऱ्या वाचायला दिल्या, सगळी लफडी त्यात, ती बिचारी हादरली. पुढे 'अ‍ॅना कॅरेनिना'त लेविन होणाऱ्या बायकोला, किटीला, तशाच डायऱ्या देतो आणि ती रडते. लेखकाला ते करायची काही गरज होती का? स्वतःचाच गाढवपणा चव्हाट्यावर.

तुझ्या प्रश्नात बाबा आहेत, काका आहेत, काकू आहे. तू फक्त दारात उभी आहेस. आठवीतली पोरगी काय करत होती तिथे?

शाईचाडाग:
वाकडीतिकडी, तुमची पोस्ट वाचून दोन दिवस इकडे फिरकलेच नाही.

घड्याळ बाबांच्या खिशात आहे हे काकांना मीच सांगितलं होतं. त्यांनी विचारलं पण नव्हतं. सव्वाशे पानांत हे कुठेच नाहीये आणि मला वाटायचं की मी सगळं खरंखरं लिहितेय. तो चॅप्टर परत लिहायला घेतलाय, काकांना दाखवायचं की नाही ते नंतर बघू.

पानगळ:
लिही लिही. आणि काकूचं ते वाक्य काय आहे ते तरी सांग!

शाईचाडाग:
ते नाही सांगणार :) पण काल फोनवर सहज तिला विचारलं की काकू तू असं कधी म्हणाली होतीस का गं. तर म्हणे, "म्हणाले असेन, पण तुला कोणी सांगितलं?"