निळं-पांढरं खापर: अर्दबीलच्या ताटावरून साल ठरवू का?

खापरवाली:
उत्खननातली चिनी पोर्सलीनची 43 खापरं महिनाभर टेबलावर मांडून बसले आहे. सर्वांत मोठं जेमतेम तळहाताएवढं: ताटाच्या बुडाचा तुकडा, आत निळ्या कमळवेलीचं दीड फूल. इराणमधल्या अर्दबीलच्या दर्ग्यातल्या चिनी भांड्यांच्या संग्रहाचे फोटो चाळताना एका ताटावर हुबेहूब तसंच फूल दिसलं आणि मी खुर्चीतून उठलेच. इराणच्या शाह अब्बासने तो संग्रह 1611 मध्ये दर्ग्याला अर्पण केला. मग माझं खापरही 1600 च्या आसपासचं लिहू ना?

जुनी झिलई:
थांबा, पेनने लिहू नका! 1611 हे अर्पण केल्याचं साल, भांडी घडवल्याचं नव्हे. त्यात चौदाव्या शतकातलीही ताटं आहेत. ती वेगळी काढता आली 'डेव्हिड फुलदाण्या' म्हणतात त्या निळ्या-पांढऱ्या चिनी जोडीमुळे. त्या देवळाला वाहिल्या ते 1351 साल त्यांच्या मानेवरच लिहिलंय. चिनी पोर्सलीनचा अभ्यासक जॉन पोपने 1950 च्या दशकात त्यांच्या नक्षीशी आधी इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातली आणि मग अर्दबीलची भांडी ताडून पाहिली. 1611 वरून एवढंच कळतं की तुम्ही पाहिलेलं ताट त्याआधीचं आहे. किती आधीचं, ते ताटालाच विचारायचं.

उलटंपालटं:
फूल नंतर बघा, तुकडा पालथा घाला. सूचीत बहुधा ताटाची दर्शनी बाजूच छापतात, आणि आपल्या हाती येतं नेमकं बूड. मी सरळ संग्रहालयांना लिहून बुडाचे फोटो मागते. शिवाय राजेरजवाड्यांकडे निवडक माल जायचा. साध्या मालासाठी बुडालेली जहाजं बघा. मनिलाजवळ 1600 मध्ये बुडालेल्या 'सान दिएगो'त चीनमधल्या जिंगदेझेनच्या भट्ट्यांतल्या नाजूक ताटांबरोबर झांगझोऊच्या भट्ट्यांतली ओबडधोबड भांडीही होती. झांगझोऊच्या भांड्यांच्या बुडाच्या कड्याला बहुधा भट्टीतली वाळू चिकटलेली असते. तुमच्या तुकड्याच्या कड्याला चिकटलीय का?

खापरवाली:
चिकटलीय! खरखरीत, भट्टीतच झिलईत रुतलेली. इतके दिवस ती माती समजून मी ब्रशने घासत होते (हसू नका). आता फूलही नीट पाहिलं. अर्दबीलच्या ताटावर पाकळीची रेघ आधी, रंग नंतर भरलेला. माझ्याकडे सगळं दोन फटकाऱ्यांत उरकलंय. 'हुबेहूब' मागे घेते. म्हणजे झांगझोऊ, सोळाव्या शतकाची अखेर ते सतराव्याचा पूर्वार्ध?

उलटंपालटं:
हो, तसंच वाटतंय. कड्याचा फोटो टाका.

जुनी झिलई:
म्हणजे 1600 चा अंदाज बरोबरच होता की!

खापरवाली:
होता, पण चुकीच्या ताटावरून. सध्या पेन्सिलीने लिहिलंय. उरलेली 42 पालथी घालतेय, फोटो रात्री टाकते.