मंडईसाठी विनोदी नाटक सुचवा : मराठी-बंगाली सोयरीक, बजेट ५५ हजार

धानाची_बांधी
नमस्कार मंडळी. आमचं गाव गडचिरोलीच्या चामोर्शी तालुक्यात. जानेवारीतल्या मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, रात्रभराचं विनोदी नाटक आणायचं आहे. मुलगी मराठी, मुलगा बंगाली आणि दोन्ही घरच्यांची जुंपलेली, असं काहीतरी. आजूबाजूला बंगाली वस्त्या आहेत, निम्मी तिकिटं तिकडेच खपतात. मागच्या वर्षीच्या नाटकात बंगाली व्याही दर वाक्याला 'रोशोगुल्ला' म्हणत हातात मासा घेऊन नाचायचा. मध्यंतरानंतर मागच्या रांगा रिकाम्या. कोणतं घ्यावं, ठरवताना काय पाहावं? ५५ च्या वर एक रुपया नाही.

वडसा_रिटर्न
५५ मध्ये काय येते भाऊ? आमी ८५ चं आणलं होतं. हिरोईन नागपूरची, दोन लावण्या, पेंडॉल फुल्ल. विषयबिषय कोनी पाहत नाही.

खडीगंमत
विनोद हाय, विनोदासारखा घ्या ना बाप्पा. याले राग येते, त्याले राग येते, मंग हसाचं कोनावर?

मूळची_मुलचेऱ्याची
आमच्यावर हसा की, पण आम्हाला पाहून हसा. १९६० च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून येऊन इथं वसलेली आमची माणसं, धान लावतात. माझ्या आजीनं कोलकाता पाहिलेलं नाही. नाटकातली विहीण मात्र थेट कोलकात्याची जमीनदारीण, आणि हातात हिरवा चुडा! शंखाची पांढरी अन् पोवळ्याची लाल बांगडी, एवढं तरी घाला.

हसायला खरं किती पडलंय. आमच्या जुन्या रीतीप्रमाणे मुलाची आई त्याच्या लग्नाला जातच नाही. आता मराठीकडच्यांनी विहिणीचा मान, साडी, पंगत सगळं मांडून ठेवलंय आणि विहिणीचा पत्ता नाही. रुसली समजून अख्खा मांडव समजूत काढायला निघाला! शिवाय हळदीला मुलाकडून अख्खा रोहू मासा येतो, नवरीसारखा साडी नेसवून, टिकली लावून. आणि इकडचे आजोबा माळकरी.

खडीगंमत
रोहूले साडी? गजब हाय. कोनत्या नाटकात हाय हे?

मूळची_मुलचेऱ्याची
कोणत्याच नाही. तेच तर सांगतेय.

पुण्यातला_गोंदियाकर
खडीगंमत भाऊ, टीव्हीवर आपल्या बोलीत बोलणारा नेहमी गुंड नाहीतर बावळट का, म्हणून मागच्या धाग्यावर तुम्हीच तापला होता ना?

खडीगंमत
तो विषय येगळा हाय.

पटाचा_शौकीन
शंकरपटाच्या, बैलांच्या शर्यतीच्या, दिवशी ठेवा. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं मान्यता देल्लीच हाय. पटाले आलेला मानूस रात्री नाटकालेच बसते, थंडीत जाईन कुठं?

वडसा_रिटर्न
मी तेच म्हटलं, गर्दी पाहा. आमच्याकडे तर पहाटं पाचलेही लोक उठत नव्हते.

विंगेतला_काका
मी विंगेत बसून प्रॉम्प्टिंग केलंय, म्हणून सांगतो. संहिता वाचून काही कळणार नाही. झाडीपट्टीत, म्हणजे आपल्या या पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यात, तालमी मोजक्या, रोज नवं गाव, आणि विनोदी नट अर्धं पदरचं बोलतो. एका गावात हशा आला की पुढच्या गावात तेच दुप्पट. तो रसगुल्ला लेखकानं लिहिलेलाच नसेल! तेव्हा वडशाला नाटक कंपनीच्या ऑफिसात इसार देण्याआधी मालकाला नंतर भेटा, त्या नटाला आधी गाठा. काय चालणार नाही ते तोंडावर सांगा. जमलं तर त्याच नाटकाचा दुसऱ्या गावातला प्रयोग बघा, तोही रात्री दोननंतर. पहिल्या अंकात सगळेच सांभाळून असतात.

झाडीचा_पोट्टा
परशुराम खुण्यांना २०२३ ला पद्मश्री भेटली, आपल्या झाडीपट्टीच्या नटाले! अन् तुमी बांगड्या मोजून रायले.

मूळची_मुलचेऱ्याची
पद्मश्री भेटली म्हणूनच मोजायच्या.

धानाची_बांधी
सगळ्यांचे आभार. काल वडशाला जाऊन इसार देऊन आलो. मागच्या वर्षीचंच नाटक घेतलं. ५४ मध्ये बसलं, आणि आमच्या तारखेला दुसरी कंपनी रिकामी नव्हती. नटाला भेटलो. रोहूची गोष्ट ऐकून खो खो हसला, 'घालतो' म्हणाला. रसगुल्ल्याचं विचारलं तर म्हणे, एकदा तरी म्हणू द्या. बांगड्या आम्हीच नेऊन देऊ.

पुण्यातला_गोंदियाकर
मग धागा कशाला काढला?

मूळची_मुलचेऱ्याची
विहिणीला साडी लाल काठाची पांढरी नेसवा. आणि रोहू पुठ्ठ्याचा करा, खरा आणला तर पहाटेपर्यंत पेंडॉलमध्ये बसवणार नाही.

वडसा_रिटर्न
लावणी हाय का नाही त्याच्यात?