मॉडबसवर टोकाचा मीटर मधूनच उत्तर देत नाही

प्रश्न (हिंगणघाट तालुका): आमच्या जिनिंगमध्ये एक लहान पीएलसी (यंत्रे चालवणारा औद्योगिक संगणक) मॉडबस आरटीयूवर, म्हणजे एकाच तारेवरून उपकरणांनी एकमेकांशी बोलण्याच्या पद्धतीने, तीन ऊर्जा मीटर वाचतो. वेग (९६०० बिट प्रति सेकंद) आणि पॅरिटी (चूक ओळखण्याचा जादा बिट) सगळीकडे सारखीच आहे, पत्ते १, २, ३ आहेत. तरी गाठी बांधणाऱ्या प्रेसची मोटर सुरू झाली की शेडच्या टोकाचा मीटर टाइमआउट (ठरलेल्या वेळेत उत्तर नाही) दाखवतो. जे मीटर नीट उत्तर देतात, त्यांचे व्होल्टेज शून्याच्या आसपास दिसते. काय तपासावे?

उत्तर १: भाऊ, हे दोन वेगळे दोष आहेत. टाइमआउट मोटरच्या वेळीच येत असेल, तर सेटिंगपेक्षा केबलवर संशय घ्यावा. आरएस-४८५ ची (मॉडबस ज्या तारांवरून चालते त्यांची) पीळ असलेली, शील्डेड म्हणजे धातूचे आवरण असलेली जोडी मोटरच्या केबलसोबत एकाच ट्रेमधून नेलेली नसावी, ती एका मीटरवरून दुसऱ्यावर ओळीने जावी आणि १२० ओहमचा रेझिस्टर फक्त दोन टोकांना असावा. टाइमआउट वाढवल्याने फक्त दोष झाकला जाईल.

उत्तर २: व्होल्टेज ३२ बिटांचे फ्लोट (दशांशाची संख्या) असल्यास ते दोन रजिस्टरांत, म्हणजे मीटरमधील १६ बिटांच्या दोन खणांत येते. २३० व्होल्ट हेक्समध्ये (१६ च्या पायावरील अंकांत) ४३६६ ०००० असे लिहिले जाते. या दोन्ही शब्दांची (१६ बिटांच्या तुकड्यांची) अदलाबदल झाली, तर नेमके शून्यासारखेच मूल्य दिसते. पीएलसीत वर्ड स्वॅप (शब्दांचा क्रम उलटवणे) चालू करून पाहावे.

प्रश्नकर्ता: स्वॅप केल्यावर व्होल्टेज बरोबर आले. मधल्या मीटरवरही रेझिस्टर जोडलेला आढळला, तो काढला आहे. केबल मात्र मोटरच्याच ट्रेमध्ये आहे. ती हंगाम संपल्यावरच हलवता येईल.

उत्तर १: तोवर शील्ड एकाच टोकाला अर्थ केलेले आहे ना, एवढे पाहून घ्यावे.