‘फ्रिक्वेन्सी स्कॅन करणे’ : चाळणे, धुंडाळणे की क्रमवीक्षण?

भाषांतरकार : वायफाय तपासणाऱ्या एका अ‍ॅपची माहितीपुस्तिका मराठीत आणत आहे. ‘फोन आसपासच्या वारंवारता चाळतो’ या वाक्यावर संपादकांनी ‘चाळतात ते पीठ’ असा शेरा मारून ‘क्रमवीक्षण करतो’ असे सुचवले आहे. आपले मत काय?

बिनतारी : क्रियापद नंतर पाहू, आधी वाक्यच तपासा. फोनमधली वायफाय चिप २४१२, २४३७ मेगाहर्ट्‌झ अशा ठरावीक चॅनेलांवर क्षणभर थांबून राउटरच्या हाकेची वाट पाहते. त्याच पट्ट्यात शेजारचा मायक्रोवेव्ह कितीही गोंगाट करीत असला, तरी तिच्या यादीत तो उमटत नाही. शिवाय अँड्रॉइड ९ पासून समोर उघडलेल्या अ‍ॅपलाही दोन मिनिटांत चारच वेळा अशी पाहणी करता येते. खरोखर पट्टा पिंजून काढायचा असेल, तर ओटीजी केबलने (फोनला यूएसबी उपकरण जोडणाऱ्या तारेने) आरटीएल-एसडीआर डोंगल, म्हणजे संगणकाच्या मदतीने चालणारा छोटा रेडिओ-ग्राहक, जोडावे लागते, आणि त्याची प्रचलित आवृत्ती साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्‌झ एवढेच ऐकते. म्हणजे वायफाय तिच्या आवाक्याबाहेर! तेव्हा तुमच्या पुस्तिकेत ‘नेटवर्क शोधतो’ एवढेच पुरे.

जुना श्रोता : आम्ही सुई फिरवून स्टेशन ‘लावत’ असू. हेडफोनची वायर अँटेना म्हणून वापरणारा फोनमधला एफएम रेडिओ १०८ मेगाहर्ट्‌झपर्यंत आपोआप जातो, त्याला ‘धुंडाळणे’ शोभते.

शुद्धमती : ‘धुंडाळणे’ हे हिंदीच्या ‘ढूँढना’चे मराठी सोंग आहे.

जुना श्रोता : स्कंदपुराणातल्या काशीखंडात ढुंढिराज गणपतीच्या नावाची फोड ‘शोधणे’ याच अर्थाने केली आहे. दादासाहेब फाळक्यांचे धुंडिराज हे नावही मग हिंदी ठरवणार का?

शुद्धमती : गणपती राहू द्या, ‘वारंवारता’ कशी चालते? संख्याशास्त्रात वारंवारता सारणी शिकलेल्या वाचकाला ती मोजदाद वाटेल. मराठी विश्वकोशातील ‘कंप्रता’ नेमकी आहे.

बिनतारी : राउटर बसवायला येणारा मुलगा ‘टू पॉइंट फोरवर ठेवू की फाइव्हवर?’ एवढेच विचारतो. त्यात कंप्रता नाही आणि वारंवारताही नाही.

शुद्धमती : तो हर्ट्‌झही म्हणत नाही. मग तेही पुस्तिकेतून वगळायचे का?