पिकअपच्या हौद्याचं झाकण: घरी बनवावं की विकत घ्यावं?

खटपट्या (धागाकर्ता)

पिकअप घेतलेल्या प्रत्येकाला पहिल्या पावसाआधी हा प्रश्न पडतोच, म्हणून मुद्दाम वाद घालायला धागा काढतोय. माझं मत आधीच सांगून टाकतो: हौद्यावरचं झाकण घरी बनवावं.

तयार झाकणं साधारण चार जातींची मिळतात. गुंडाळायचं व्हिनाइलचं कापड, तीन घड्या पडणारं अ‍ॅल्युमिनियमचं, गॅसच्या दांड्यांवर उचललं जाणारं फायबरग्लासचं अखंड झाकण, आणि शटरसारखं पुढे सरकत डब्यात जाणारं. चारही जाती कुणा सरासरी गिऱ्हाइकासाठी काढलेल्या आहेत. ते गिऱ्हाईक मी नाही. मला वर शिडी बांधायची असते, खाली हत्यारांची पेटी असते, आणि फाळका (हौद्याचं मागचं खाली पडणारं दार) न उघडता बाजूने हात घालता यायला हवा असतो. शटरवाल्याचा डबा तर हौद्याच्या पुढच्या भागात मोक्याची जागा खाऊन बसतो.

माझा बेत असा: १२ मिमी मरीन प्लाय (पाण्याला टिकणाऱ्या डिंकाचं प्लायवूड), खाली अ‍ॅल्युमिनियमच्या चौकोनी नळीची चौकट, मध्ये पियानो बिजागरी (अखंड लांब पट्टीची), आणि वरून हौद्याच्या आतल्या बाजूला मारतात तोच खरखरीत पॉलीयुरेथेनचा लेप. गोल करवत, ड्रिल आणि गुण्या एवढ्या हत्यारांवर शनिवार-रविवारात उरकणारं काम आहे. विरोधकांनी अवश्य यावं, फक्त 'दिसायला कसंतरीच दिसतं' हा मुद्दा सोडून बोलावं.

पान्हा_१३

दिसण्याचं सोडलं. पाण्याचं बोलू या.

झाकण बनवणं हे यातलं सगळ्यात सोपं काम. अवघड आहे ती कड. हौद्याची वरची कड तुम्हाला सरळ वाटते, पण तिच्यावर लांब पट्टी आडवी ठेवून बघा. वर प्लास्टिकची टोपी, मध्ये खुंट्या रोवायची चौकोनी भोकं, कोपऱ्यात गोलाई, आणि केबिनकडची भिंत व फाळका यांची उंची तंतोतंत एक नसते. रबरी बीडिंग सगळीकडे सारखं दाबलं गेलं तरच काम करतं. एका जागी फट ३ मिमी आणि दुसरीकडे ८ मिमी असेल तर तुमचं मरीन प्लाय कितीही उत्तम असो, पाणी त्या ८ मिमीतून आत येणार.

कारखान्यातल्या चांगल्या कडक झाकणात यावर उपाय वेगळाच असतो. झाकण ज्यावर बसतं त्या रुळाला पन्हळ असते, आत शिरलेलं पाणी पन्हळीत पडतं आणि कोपऱ्यातल्या नळीतून गाडीखाली जातं. म्हणजे पाणी आत येणार हे गृहीत धरूनच त्यांनी आखणी केलेली असते. घरी बनवणारा माणूस पाणी अडवायच्या मागे लागतो आणि सिलिकॉनच्या नळ्या रिकाम्या करत बसतो.

रंधा

पान्हा, पन्हळीचं बोललात ते खरं, पण ती काही गुप्त विद्या नाही. अ‍ॅल्युमिनियमचं यू-चॅनल कडेच्या आतून लावा, पुढच्या कोपऱ्याकडे किंचित उतार द्या, तिथे नळी जोडा आणि हौद्याच्या तळाशी आधीपासून असलेल्या निचऱ्याच्या भोकात सोडा. झालं.

आणि विकतच्या झाकणाखाली सगळं कोरडं राहतं हा समज कुणी पसरवला? बहुतेक पाणी फाळक्याच्या बिजागरीकडच्या आणि बाजूच्या फटीतून येतं. तिथे झाकणाचा संबंधच नाही. माहितीपत्रकं नीट वाचा, बहुतेक ठिकाणी 'पाण्याला प्रतिकार करणारं' असं म्हटलेलं असतं, 'जलरोधक' हा शब्द लिहायला कंपन्याही बिचकतात. फाळक्याची रबरी पट्टी दोन्ही पक्षांना वेगळी आणून चिकटवावीच लागते.

खटपट्या, तुमच्या बेतात मला खटकली ती सपाटी. हौद्याचं क्षेत्रफळ अडीच चौरस मीटर धरलं आणि वर नुसतं १ सेंमी पाणी साचलं, तरी ते २५ किलो होतं. त्या वजनाने प्लाय आणखी वाकणार, मग आणखी पाणी साचणार. चौकटीचा मधला कणा कडेपेक्षा २०-२५ मिमी वर घ्या. बिजागरीची रेघ गाडीच्या लांबीच्या दिशेने, मधोमध ठेवली तर दोन्ही बाजूंनी पंख्यासारखं उघडेल, उतार आपोआप मिळेल आणि बाजूने हात घालायची तुमची अटही पुरी होईल.

साळसूद

पाण्याने सामान भिजतं. वाऱ्याने माणूस मरतो. त्यावर अजून कुणी बोललेलं नाही.

ताशी १०० किमी वेगाला हवेचा गतिक दाब साधारण ४७० पास्कल असतो, म्हणजे दर चौरस मीटरला ४८ किलोच्या आसपास. हा सगळा दाब झाकण उचलायला लागत नाही. पण केबिनवरून आलेली हवा झाकणाच्या काही भागावर कमी दाब तयार करते, आणि फटींतून शिरलेली हवा खालून ढकलते. यातला तिसरा हिस्सा जरी वर ओढायला लागला, तरी अडीच चौरस मीटरवर ४० किलो होतात. १२ मिमी प्लायचं तेवढं झाकण भरतं १८ किलोच्या आसपास. चौकट धरून २५ म्हणा. म्हणजे 'जड आहे, उडणार नाही' ही समजूत साफ खोटी. शिवाय दाब वेगाच्या वर्गाने वाढतो: ताशी १२० ला तो जवळपास दीडपट होतो, आणि समोरून वारा असेल तर गाडीचा काटा १०० दाखवत असतानाच हवेला १२० चा वेग लागलेला असतो.

विकतच्या झाकणाचा रूळ, चिमटे, कुलपं या ताणासाठी आखलेली असतात. घरच्या झाकणाला लोक काय लावतात? दोन कड्या आणि सामान बांधायची लवचीक दोरी. ते सुटलं तर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या अंगावर जाणार, आणि 'घरी की विकत' यावर त्याचं मत कुणी विचारलेलं नाही.

खटपट्या

साळसूद, आकडे मान्य. पण 'घरचं म्हणजे लवचीक दोरी' हे तुम्हीच ठरवून टाकलंत. हौद्याच्या कडेला आतून खाली वळलेली पट्टी असते, तिला सी-क्लॅम्प (C आकाराचे, स्क्रूने आवळायचे चिमटे) धरतात. तयार झाकणांचे रूळही बहुतेक तसेच धरलेले असतात, आकाशातून पडलेलं तंत्र नाही ते. मी प्रत्येक बाजूला चार धरतोय. ४० किलो वाटून घ्यायला आठ क्लॅम्प पुरे.

साळसूद

क्लॅम्प चौकटीला धरणार. पानं चौकटीला कोण धरणार? बिजागरी मध्ये आहे, म्हणजे मोकळी कड बाहेरच्या बाजूला आहे. तिथल्या कडीवर सगळा भार येणार. कडी प्लायमध्ये नुसत्या स्क्रूने लावली तर हादऱ्यांनी भोक मोठं होत जातं. आरपार बोल्ट, मागे रुंद वॉशर आणि आत नायलॉनचं कडं असलेला, हादऱ्याने न सुटणारा नट. ही यादी तुमच्या बेतात नव्हती.

मुंगूस

क्लॅम्पवरून आठवलं. कृपा करून हौद्याच्या पत्र्यात भोकं पाडू नका. भोकाची कड उघडा पोलाद असते, गंज तिथूनच सुरू होतो आणि रंगाखालून पसरतो.

दुसरं, धातूंची जोडी बघून लावा. अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत स्टेनलेसचे स्क्रू ओले राहिले की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं, खारट हवेत किंवा बर्फासाठी मीठ टाकलेल्या रस्त्यांवर तर भराभर. मध्ये नायलॉनचा वॉशर, चौकट आणि गाडी यांच्यात रबराची पट्टी. आणि वाळवी-बुरशी लागू नये म्हणून तांब्याच्या क्षारांत मुरवलेलं लाकूड कुणी सुचवलं तर अ‍ॅल्युमिनियमजवळ आणू नका, ते तांबं अ‍ॅल्युमिनियम आणि जस्ताचा मुलामा दोन्ही खातं.

बारीक_नजर

'शनिवार-रविवारात उरकणारं' हे वाक्य वाचून करमणूक झाली.

प्लायची कापलेली कड पाणी पिते. तिला इपॉक्सीचे दोन-तीन हात द्यावे लागतात, प्रत्येक हात सुकू द्यावा लागतो, मध्ये पॉलिशपेपर. ड्रिलने पाडलेल्या प्रत्येक भोकाच्या आतही तेच. त्यानंतर लेप, आणि तोही नीट मुरेपर्यंत गाडी पावसात काढायची नाही. मरीन प्लायचा डिंक उकळत्या पाण्याला टिकतो हे बरोबर, पण थरांतलं लाकूड म्हणजे शेवटी लाकूडच. कड उघडी राहिली तर ते कुजणार.

मापाचंही बघा. प्लायची पाटी मिळते ४ बाय ८ फुटांची. मोठ्या पिकअपचा हौदा कडेच्या बाहेरून मोजला तर पाच फूट किंवा जास्त रुंद भरतो. एका पाटीत काम होत नाही, दोन घ्याव्या लागतात, आणि वाया जाणारा तुकडा मोठा असतो. धागाकर्त्याच्या हिशेबात ही दुसरी पाटी मला कुठे दिसली नाही.

सुतारकाम आवडतं म्हणून करत असाल तर जरूर करा हो, छंदाला हिशेब विचारू नये. पण मग 'स्वस्त आणि झटपट' म्हणून दुसऱ्यांच्या गळ्यात मारू नका.

खटपट्या

ताई, 'स्वस्त' हा शब्द मी लिहिलेलाच नाही, वर जाऊन बघा. माझा मुद्दा गरजेप्रमाणे बनवण्याचा आहे. 'शनिवार-रविवार' मात्र कापणी-जोडणीपुरतं वाचा, लेपाचा वेळ वेगळा. आणि उरलेल्या तुकड्यातून हौद्याचे आडवे कप्पे होतात.

गुंडाळी

तुम्ही सगळे उगाच अवघड करताय. गुंडाळायचं व्हिनाइल घ्या आणि मोकळे व्हा. उंच कपाट न्यायचं आलं की गुंडाळून केबिनपाशी पट्ट्याने बांधायचं. रंधाभाऊंचं पंखवालं झाकण लावलेलं असताना कपाट आलं तर? दोन माणसं बोलावून २५ किलोचं धूड उतरवायचं, ठेवायला भिंत शोधायची, आठ क्लॅम्प डब्यात जपायचे. घडीच्या अ‍ॅल्युमिनियमवाल्यांनीही हसू नये, सगळ्या घड्या उभ्या केल्या की मागची काच झाकली गेली.

पान्हा_१३

गुंडाळी, थंडीत तुमचं कापड आखडतं आणि शेवटची पट्टी फाळक्यापर्यंत पोचता पोचत नाही. उन्हात काही वर्षं गेली की शिवणीपाशी तडकतं. आणि चोराला लागतो एक कटर.

गुंडाळी

चोराला कटर लागतो, कबूल. पण फाळक्याला कुलूप नसेल तर तुमचं अ‍ॅल्युमिनियमही फुकट, तो मागून हात घालून पेटी ओढणार. कापडाखाली निदान आत काय आहे ते दिसत नाही, आणि संधिसाधू चोराला तेवढं पुरतं. ज्याला महागडी हत्यारं रात्रभर गाडीत ठेवायची आहेत त्याने झाकणावर विसंबू नये, हौद्याला बोल्ट केलेली पोलादी पेटी घ्यावी.

नवशिका_चालक

झाकणाने मायलेज वाढतं असं वाचलं होतं. कुणी त्यावर बोललं नाही.

साळसूद

थोडंसं वाढू शकतं, पण त्यासाठी झाकण घेऊ नका. उघड्या हौद्यात, फाळका लावलेला असताना, हवेचा एक भोवरा आत अडकून फिरत राहतो आणि वरची हवा बरीचशी त्याच्यावरून निघून जाते. म्हणूनच फाळका पाडून चालवल्याने इंधन वाचतं ही जुनी समजूत टिकली नाही. झाकणाने हवेचा विरोध आणखी थोडा कमी होतो, पण इंधनातला तेवढाच हिस्सा कमी होत नाही, कारण टायरचं घर्षण, इंजिनातलं नुकसान तसंच राहतं. त्यात शहरात सावकाश चालवलं तर फायदा जवळजवळ शून्य आणि २५ किलोचं वजन मात्र कायम.

रंधा

सगळे विकतच्याचे गुण गाताहेत तर एक प्रश्न. घडीच्या झाकणाचं एक पान वाकलं आणि ते मॉडेल बंद झालेलं असेल तर काय करणार? हौद्याचा आकार गाडीच्या पिढीगणिक बदलतो, जुन्या मापाचं पान मिळेलच असं नाही. प्लायचं पान दुपारी कापून संध्याकाळी बदलता येतं. (लेपासकट नाही, बारीक_नजर, माहीत आहे.)

बारीक_नजर

गाडी विकताना उलटं होतं. कंपनीचं झाकण काढून त्याच मापाच्या गाडीवाल्याला विकता येतं. घरच्याला कुणी विचारत नाही.

मुंगूस

मधला मार्ग कुणीच का घेत नाही? फाटलेल्या व्हिनाइलचं जुनं झाकण घ्या. रूळ, क्लॅम्प, आडव्या पट्ट्या शाबूत असतात, कड आधीच त्या गाडीच्या मापाची असते. वर २ मिमी अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. चौरस मीटरला ५.४ किलो, म्हणजे प्लायपेक्षा हलका. कुजणं नाही. स्वस्तात मिळतो म्हणून जाड प्लास्टिकचा (एचडीपीई) पत्रा मात्र वापरू नका, एचडीपीई उन्हात दीड मीटरला ८-१० मिमी सहज वाढतो आणि मध्येच फुगून उभा राहतो. अ‍ॅल्युमिनियम त्याच उन्हात दीड मिमीही वाढत नाही.

पान्हा_१३

मुंगूस, त्या आडव्या पट्ट्या कापड ताणून धरण्यासाठी असतात. त्यावर शिडी नाही बांधता येणार. पावसापुरतं ठीक.

मुंगूस

शिडी खटपट्यांची. माझ्याकडे फक्त खताची पोती असतात.

नवशिका_चालक

कडक झाकण असेल तर कुत्र्याला हौद्यात बसवून नेता येईल का? भोकं ठेवून?

बारीक_नजर

नाही. माणूस नाही, प्राणीही नाही. चालत्या गाडीच्या मागे कमी दाबाचा पट्टा असतो, एक्झॉस्टचा धूर फाळक्याच्या फटीतून आत ओढला जाऊ शकतो आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. उन्हात उभी गाडी ही वेगळीच भट्टी. कुत्रा केबिनमध्ये.

खटपट्या

बरं, बेत सुधारून लिहितो. मधला कणा २५ मिमी वर. पानांच्या बाहेरच्या कडांना आरपार बोल्टच्या कड्या, नायलॉन नट. यू-चॅनलची पन्हळ, नळी खाली. केबिनच्या मागचा तिसरा ब्रेकदिवा झाकला जाणार नाही इतकी शिडीची पट्टी बुटकी. शिवाय आडवे दोन पट्टे. साळसूद, आता तरी परवानगी?

साळसूद

पट्टे ठेवाच. पण पुढच्या कडेचं लिहिलेलं नाही. चौकटीची पुढची पट्टी केबिनकडच्या भिंतीवरून खाली वळवा आणि रबरावर टेकवा, म्हणजे तिथून हवेला आत शिरायला फट उरणार नाही. आणि लांबच्या रस्त्यावर पहिल्या थांब्याला क्लॅम्प हाताने तपासा, नवं रबर दबलं की ते सैल होतात.

खटपट्या

पुढची कड पटली. तपासायचंही पटलं. विकत मात्र घेत नाही.

गुंडाळी

कपाट न्यायचं आलं की कळवा, माझी गाडी रिकामी असेल.