खलाशांचं इस्पितळ: पैसा सरकारचा की खलाशांचाच?

प्रश्न:
अमेरिकेच्या १७९८ च्या कायद्याबद्दल वाचतेय. आजारी आणि अपंग खलाशांसाठी केलेला, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांच्या सहीचा. त्यात खलाशाच्या पगारातून महिन्याला २० सेंट कापायचे असं आहे. मग इस्पितळं बांधायला सरकारनं दिलं काय? त्याच्याच पैशातून त्याचेच उपचार, याला सरकारी मदत कसं म्हणायचं?

उत्तर (माजी इंजिन रूमवाला):
प्रश्न रास्त आहे, पण अर्धाच. मी वीस वर्षं जहाजावर काढली. एकदा भर समुद्रात हाताचा तळवा फाटला. बंदर पाच दिवसांवर. सेकंड ऑफिसरनं रेडिओवर डॉक्टरला विचारत विचारत टाके घातले. किनाऱ्याला लागल्यावर पहिला प्रश्न काय, तर याचं बिल कोण भरणार? खलाशी ज्या बंदरात आजारी पडतो तिथला तो कुणीच नसतो. त्याचा भार ते गाव का उचलेल? म्हणून हे काम केंद्र सरकारनंच घ्यायला हवं होतं, आणि त्यांनी ते घेतलं. परदेशातून जहाज आलं की कप्तान कस्टम्सच्या कलेक्टरकडे पैसे भरायचा आणि खलाशांच्या पगारातून वळते करून घ्यायचा. शिल्लक साठली की त्यातून इस्पितळ विकत घ्यायचं किंवा बांधायचं, ही तरतूदही त्याच कायद्यात होती. पण २० सेंटांत औषधपाणी होतं, इमारती उभ्या राहत नाहीत.

प्रश्नकर्ती:
मग इमारतींना पैसा कुठून आला?

उत्तर (माजी इंजिन रूमवाला):
काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, मंजूर केलेल्या रकमांतून. केंटकी राज्यातल्या लुईव्हिलचं खलाशांचं इस्पितळ बघा. समुद्र शेकडो मैल लांब, पण ओहायो नदीवर आगबोटी चालायच्या आणि त्यांवरच्या माणसांनाही भाजणं, ताप, मोडलेली हाडं चुकत नव्हती. ते १८५२ मध्ये सुरू झालं, इमारत आजही उभी आहे.

आणखी एकाचं उत्तर:
कपातीचं पुढचं सांगतो. १८७० मध्ये ती ४० सेंट झाली, १८८४ मध्ये बंदच केली आणि खर्च जहाजांच्या टनेज करावर (जहाजाच्या आकारमानानुसार बसणाऱ्या करावर) टाकला. म्हणजे बोजा खलाशाकडून जहाजाकडे गेला.

उत्तर (माजी इंजिन रूमवाला):
हे फार महत्त्वाचं. माझ्या मते तो बदल ८६ वर्षं उशिरा झाला. जहाज कमावतं ते खलाशाच्या अंगमेहनतीवर, मग त्याच्या दुखण्याचा खर्चही जहाजानंच द्यायचा.