बुडलेली चाचणी पुन्हा घ्यावी का? (संदर्भ: अमेरिकेतलं 'कॉलेज अल्जिब्रा')

त्रैराशिक (धागाकर्ता):
मी इथल्या एका सरकारी विद्यापीठात पीएचडी करता करता कॉलेज अल्जिब्रा शिकवतो. नाव भारदस्त असलं तरी बराचसा भाग आपल्याकडे दहावी-अकरावीत होऊन जातो: बहुपदी, वर्गसमीकरणं, फलनं, लॉगॅरिदम. वर्गातल्या बहुतेकांचा गणिताशी हा शेवटचा संबंध.

आमचा हिशेब असा. चार चाचण्या प्रत्येकी १५ टक्के, गृहपाठ १५, फायनल २५. बुडलेली चाचणी पुन्हा होत नाही, कारण काहीही असो. तिच्या जागी फायनलची टक्केवारी धरायची, तीही एकदाच. दुसरी चुकली की शून्य.

विद्यार्थी कुरकुरतात, पण मी नियमाच्या बाजूचा आहे. पुन्हा परीक्षा म्हणजे नवा पेपर, आणि तो तेवढाच अवघड आहे हे ठरवायचं कुणी? वर्गसमीकरणात पहिल्या पदाचा सहगुणक १ असला तर पोरं तोंडी अवयव पाडतात. तिथे ६ घातला की वर्ग अडतो. 'प्रश्न तोच, फक्त आकडे बदलले' असं काही नसतं. शिवाय मला न्यायाधीश व्हायचं नाही. कुणाची आजी खरंच गेली याचा पुरावा मागायला जीभ रेटत नाही.

रात्रपाळी:
साफ असहमत. मी हाच कोर्स चाळिशीत कम्युनिटी कॉलेजात केला, दुकानातली शिफ्ट सांभाळून. मॅनेजर आदल्या दिवशी वेळ बदलतो, पोराला ताप येतो, गाडी बंद पडते आणि बस तासाभराने असते. 'डॉक्टरची चिठ्ठी आणा' म्हणणाऱ्या प्राध्यापकांना विमा नसलेल्या माणसाला क्लिनिकची पायरी चढायला काय पडतं ते माहीत नसावं. आणि एक सांगा, तुमचा बास्केटबॉलचा संघ बाहेरगावी गेला की खेळाडूंचं काय करता?

त्रैराशिक:
त्यांची वेगळी घेतो. विद्यापीठाचाच नियम आहे. बाळंतपणाची रजा आणि अपंगत्वामुळे द्यायच्या सवलती तर कायद्याने बांधलेल्या, तिथे मला मतच नाही.

रात्रपाळी:
मग 'कारण काहीही असो' कुठे राहिलं? चेंडू टाकायला गेलेल्याला परीक्षा, आणि गल्ल्यावर बसलेलीला मात्र फायनलचा भरवसा! न्यायाधीश तुम्ही आहातच, फक्त निकाल दुसऱ्याने लिहून दिलाय.

आकडेमोड:
भावना बाजूला ठेवून गणित करू. समजा तीन चाचण्यांत ८५, ८८, ८०, गृहपाठात ९० आणि फायनलला ६२, कारण त्याच आठवड्यात आणखी तीन पेपर होते. चौथी चाचणी बुडली. या नियमाने एकूण ७६.२५, म्हणजे सी ग्रेड. तीच चाचणी पुन्हा देऊन ८८ मिळवले असते तर ८०.१५, म्हणजे बी. एक चाचणी बुडाली की फायनलचं वजन २५ वरून थेट ४० वर जातं. हा दिलासा नव्हे. ज्याचं सत्र आधीच विस्कटलंय त्याच्यावर सगळ्यात मोठा जुगार लादलाय तुम्ही.

खडूफळा:
सातारा जिल्ह्यात ज्युनिअर कॉलेजला गणित शिकवतो. बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा खऱ्या कारणाने बुडाली तर बोर्ड ती नंतर वेगळी, 'आउट ऑफ टर्न' घेतं, त्याने आभाळ कोसळलेलं नाही. पेपर वेगळा होतो हेही पटलं नाही. जेईई मेन, सीईटी कित्येक सत्रांत होतात, दर सत्राचा पेपर वेगळा. पर्सेंटाइल काढून जुळवतातच की.

त्रैराशिक:
सर, तिथे एका सत्राला हजारो मुलं असतात म्हणून ते जुळतं (आणि दरवर्षी 'आमची शिफ्ट अवघड होती' ही ओरड असतेच). माझ्याकडे फेरपरीक्षेला तिघं येणार. तिघांचं पर्सेंटाइल काय काढू?

लॉगबुक:
मी दोन सत्रं ग्रेडिंग केलंय, धागाकर्त्याला अर्धा पाठिंबा. फेरपरीक्षा ठेवली की आदल्या रात्री 'तब्येत बरी नाही'च्या ईमेलची रांग लागते, आणि दोन दिवसांत पेपरमध्ये काय होतं ते अख्ख्या डॉर्मला (होस्टेलला) कळतं. पण तुमच्या नियमालाही भोक आहे. हुशार पोरं लॉगॅरिदमचीच चाचणी मुद्दाम बुडवतात. फायनलमध्ये लॉगचे प्रश्न किती?

त्रैराशिक:
चार. चाळीसपैकी.

लॉगबुक:
बघा. म्हणजे लॉग न येताही त्या चाचणीचे गुण मिळतात. फायनलचे सगळे गुण न धरता त्यातल्या त्याच धड्याचे धरा. बुडवायचा मोह संपेल आणि रात्रपाळीताईंवरही अन्याय नाही.

त्रैराशिक:
चार प्रश्नांवर १५ टक्के? आमची फायनल बहुपर्यायी आहे, संगणकावर. एक चिन्ह चुकलं की पावणेचार टक्के गेले.

रात्रपाळी:
शिफ्टपायी माझी चाचणी बुडाली तेव्हा पंधराच्या पंधरा टांगणीला लागले होते. चार प्रश्न आनंदाने घेते मी.

आकडेमोड:
त्यापेक्षा फायनलला सगळ्यांच्या पुढ्यात एक जादा विभाग ठेवा. ज्याची जी चाचणी चुकली त्याने त्या धड्याचे दहा प्रश्न सोडवायचे, बाकीच्यांनी उठून जायचं. तारीख आधीच ठरलेली, पुरावा कुणाला मागायला नको.

त्रैराशिक:
दोन तासांत पन्नास प्रश्न? कल्पना वाईट नाही, पण वेळ वाढवून द्यावा लागेल, आणि संगणक कक्ष पुढच्या बॅचसाठी ठरलेला असतो. समन्वयकांना विचारतो.

खडूफळा:
विचारा. आणि ते दहा प्रश्न काढणार कोण, तेही विचारा.